लाखो मराठी नोंदींमधून ‘ऊस’ शोधायचाय, तर सर्च कुठला लावायचा?

शेतीच्या प्रश्नोत्तरांचा एक जुना डेटाबेस, सगळा मराठीत, काही लाख नोंदी, त्याचा सर्च नीट करून द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. सुरुवातीला मी कुठलं इंजिन (सर्च करून देणारं सॉफ्टवेअर) फास्ट याच्या तुलना वाचत बसलो, आणि त्यातली एकही तुलना मराठी मजकुरावर केलेली नव्हती. म्हणून सांगतो, इंजिनचं नाव आधी मनातच आणू नका. लोक सर्चच्या चौकटीत खरंच काय टाइप करतात त्याचा लॉग काढा, त्यातले पन्नासेक शब्द घ्या आणि प्रत्येकासमोर लिहा की ह्याला कुठल्या नोंदी वर यायला पाहिजेत. शेती कळणाऱ्या माणसाला शेजारी बसवूनच करा हे. मग पुढचा प्रत्येक पर्याय ह्याच वहीवर तपासायचा.

आमच्या वहीत पहिला शब्द होता ऊस. दोन अक्षरं, पण त्यावर किती पद्धती अडतात बघा.

सगळ्यात सोपं म्हणजे डेटाबेसचं लाइक, म्हणजे ‘मजकुरात हा तुकडा आहे का’ असं विचारणं, शब्दाच्या दोन्ही बाजूंना टक्क्याची खूण लावून. पुढे टक्का आला की साधा इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी डेटाबेसची यादी) उपयोगी पडत नाही, प्रत्येक नोंद उघडून वाचावी लागते, हजार-दोन हजार नोंदींना चालून जातं, लाखांना नाही. पण वेळ लागणं एकवेळ परवडलं, इथे रिझल्टच चुकतात. ‘पाऊस’मध्ये ‘ऊस’ आहे ना! पावसाच्या सगळ्या नोंदी येतात, आणि ‘उसाला पाणी किती द्यावं’ ही नोंद येत नाही, कारण तिथे ऊ चा उ झालाय.

मग मायएसक्यूएल ह्या डेटाबेसचा फुलटेक्स्ट इंडेक्स, म्हणजे कुठला शब्द कुठल्या नोंदीत आहे त्याची सूची. इनोडीबी, म्हणजे त्याच्या नेहमीच्या प्रकारच्या टेबलवर तो 5.6 व्या व्हर्जनपासून मिळतो, फुकट आहे, वेगळा सर्व्हर लागत नाही, कित्येकांना एवढ्यावरच भागेल. फक्त त्यात शब्दाची किमान लांबी डीफॉल्टला 3 असते, आणि ऊस, खत, तण हे तिन्ही शब्द कॉम्प्युटरच्या हिशोबात दोन-दोन कॅरेक्टरचे, म्हणजे ते इंडेक्समध्ये जातच नाहीत. शेतीच्या सर्चमध्ये खत सापडत नाही, सांगा आता. ती लांबी 2 करा, सर्व्हर रीस्टार्ट करा आणि इंडेक्स पुन्हा बांधा, नुसती सेटिंग बदलून काही होत नाही.

इथेच अजून एक तपासणी, कुठलंही टूल असो, ते मराठी शब्द कुठे तोडतंय ते डोळ्यांनी बघा. एसक्यूलाइट ह्या छोट्या डेटाबेसच्या एफटीएस5 ह्या सर्चमधला नेहमीचा टोकनायझर (शब्द तोडणारा भाग) मुळात अक्षरं आणि आकडे धरतो, आपल्या मात्रा युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत) वेगळ्या वर्गात येतात, त्यामुळे ‘पाणी’चे ‘प’ आणि ‘ण’ असे दोन तुकडे पडतात. त्याच्या कॅटेगरीच्या ऑप्शनमध्ये मात्रांचे वर्ग घातले की ठीक होतं. जुन्या स्फिंक्स ह्या सर्च इंजिनमध्ये डीफॉल्ट यादीत इंग्रजी आणि रशियन अक्षरंच होती, देवनागरी आपण घालायची. पोस्टग्रेस ह्या डेटाबेसमध्ये टीएस-डीबग नावाचं फंक्शन आहे, त्याला चार मराठी वाक्यं द्या, तुकडे समोर दिसतात.

पोस्टग्रेस मला स्वतःला आवडतं. फुलटेक्स्ट सर्च 8.3 पासून आतच आहे, त्याचा जिन नावाचा शब्दांचा इंडेक्स लावला की लाखो नोंदींवर सुद्धा छान चालतं. हिंदीचा स्टेमर (प्रत्यय काढून शब्दाचं मूळ रूप देणारा भाग) 14 व्या व्हर्जनपासून आला, मराठीचा नाही, आणि ‘हिंदीचा चालेल की’ असं म्हणून तो मराठीला लावू नका, आपल्या विभक्त्या त्याला कळत नाहीत. शब्द न कापता तसाच ठेवणारं ‘सिंपल’ कॉन्फिगरेशन घ्या आणि मराठीचं काम आपण करा. टायपोसाठी ट्रायग्रॅमचं एक्स्टेंशन आहे, ‘हुमनी’ लिहिलं तरी ‘हुमणी’ (पिकाची मुळं खाणारी अळी) सुचवता येतं, पण तीन-तीन कॅरेक्टरचे तुकडे करून ते चालतं, त्यामुळे ‘मध्ये कुठेही ऊस’ असं विचारलं की अख्खा इंडेक्स वाचत बसतं.

आता जे काम सगळ्यात जास्त वेळ खातं आणि सगळ्यात जास्त फळ देतं ते, म्हणजे मजकूर एकसारखा करणं. ‘शेतकऱ्याला’ हा शब्द दोन प्रकारे साठवलेला असतो, एकात ऱ हे वेगळं कॅरेक्टर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक, स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, सर्चला मात्र दोन वेगळे शब्द. ‘ॲसिड’चं पण तेच, ॲ एका कॅरेक्टरचा किंवा अ वर चंद्र देऊन केलेला, आणि वर ‘ऍसिड’ लिहिणारे आहेतच. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे मजकूर एकसारखा करण्याचे तयार नियम, ह्यातलं काही एक करत नाही, ही जोडी आपणच लावून द्यायची. मग आकडे, कोणी ‘को 86032’ लिहितो कोणी ‘को ८६०३२’, उसाची जात एकच, तर सगळे आकडे एका लिपीत आणा. आणि ह्रस्व-दीर्घ, ऊ-उ, ई-इ सर्चपुरते एक करा, त्याने शुद्धलेखनाच्या चुका तर पोटात जातातच, शिवाय ऊस-उसाला, पीक-पिकाला, फूल-फुलाला ह्या जोड्या पण जवळ येतात. हे सगळं इंडेक्स करताना आणि सर्चचा शब्द आला की त्यावरही, दोन्हीकडे एकाच फंक्शनने करायचं, एका बाजूला विसरलं तर आधीपेक्षा वाईट होतं.

त्यानंतर प्रत्यय. च्या, चा, ला, ने, साठी, मध्ये, पासून, वर अशी यादी करून शेवटून काढा, उरलेला आ पण काढा, ‘उसाच्या’चं ‘उस’ होतं. ‘त’ मात्र सांभाळून! खत, शेत, भात ह्या तिन्हींचा शेवट ‘त’नेच होतो, सरसकट कापलं तर पिकंच गायब. अपवादांची यादी ठेवा, आणि गहू-गव्हाला, पाऊस-पावसात ह्यांच्या जोड्या त्याच यादीत हाताने लिहा, नियमात नाही बसत ते. मूळ शब्द आणि कापलेला शब्द दोन्ही साठवा, मूळ जुळला तर जास्त मार्क द्या.

एवढं सगळं पोस्टग्रेसमध्ये बसतं. मग वेगळं इंजिन कधी? आमच्या वहीतलं ‘ऊस हुमणी उपाय’ बघा. ‘उपाय’ जवळपास प्रत्येक उत्तरात, ‘हुमणी’ थोड्यांमध्ये, म्हणजे वजन हुमणीला पाहिजे. पोस्टग्रेसचं आतलं रँकिंग एखादा शब्द सगळ्या डेटाबेसमध्ये किती दुर्मिळ आहे ते बघत नाही, इलॅस्टिकसर्च, ओपनसर्च ही वेगळी इंजिनं वापरतात ते बीएम25 हे रँकिंगचं सूत्र बघतं, आणि नोंदी खूप आणि शब्द मोघम असले की हा फरक लगेच जाणवतो. दोन्ही इंजिनं ल्युसीन ह्या सर्चच्या लायब्ररीवर उभी आहेत, शब्द तोडताना मात्रा नीट सांभाळतात. हिंदीचं तयार पॅकेज त्यात आहे पण ते चंद्र काढून मात्रा करतं, ‘बॅट’ आणि ‘बेट’ एकच होतात, म्हणून त्या पॅकेजमधले हवे तेवढे तुकडे वेगवेगळे घेऊन आपली साखळी बांधा. मशीन लहान असेल तर मँटिकोर हे इंजिन बघा, स्फिंक्समधूनच 2017 ला निघालंय.

वेगळं इंजिन म्हणजे डेटाची दुसरी प्रत, हे नीट समजून घ्या. मूळ नोंद बदलली, डिलीट झाली, ते तिकडे कळवायला बदलांची रांग पाहिजे, ती रांग अडकली तर लक्षात यायला पाहिजे, आणि प्रत्ययांची यादी बदलली की सगळं पुन्हा इंडेक्स. हे सांभाळायला टीममध्ये कायमचा माणूस नसेल तर मी पोस्टग्रेसवरच थांबेन, रँकिंग थोडं कमी चाललं तरी.

अर्थावरून शोधणारा व्हेक्टर सर्च सगळे विचारतात. ‘पानं पिवळी पडलीत’ लिहिल्यावर लोहाच्या कमतरतेचं उत्तर यावं ह्यासाठी तो खरंच चांगला, आणि पुण्याच्या एल3क्यूब ह्या गटाने मराठीसाठी महाबर्टसारखी भाषेची एआय मॉडेल्स खुली केलीत. पण त्यात प्रत्येक नोंदीचा अर्थ आकड्यांच्या यादीत, म्हणजे व्हेक्टरमध्ये, ठेवावा लागतो, 768 आकड्यांचा एक व्हेक्टर साधारण 3 केबी, म्हणजे 10 लाख नोंदींना नुसते व्हेक्टर 3 जीबी, आणि ‘86032’ विचारलं की शेजारची जात पुढे करू शकतो. शब्दाचा सर्च आधी पक्का करा, मग हा त्याच्या जोडीला.

चालू झाल्यावर दर आठवड्याला एकच रिपोर्ट काढा, ज्या शब्दांना शून्य रिझल्ट आले त्यांचा. आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात त्यात ‘ड्रीप’ होतं, नोंदींमध्ये सगळीकडे ‘ठिबक’ लिहिलेलं. समानार्थी शब्दांच्या यादीत एक ओळ वाढवली, त्याच संध्याकाळी उत्तरं यायला लागली.