रिले कोऑर्डिनेशन शिकताना: आधी दोन रिले, मग कॉम्प्युटर

वीजजाळ्यात फॉल्ट (बिघाड) झाला की रिले तो ओळखून ब्रेकर उघडायला लावतो. बिघाडाजवळचा मुख्य रिले आधी आणि त्यामागचा बॅकअप रिले थोड्या अंतराने चालावा, असे त्यांचे वेळ जुळवणे म्हणजे कोऑर्डिनेशन. प्रोटेक्शनच्या, म्हणजे या संरक्षणाच्या, कामात नव्याने आलेले अभियंते ऑप्टिमायझेशन म्हटले की थेट जेनेटिक अल्गोरिदमला (उत्क्रांतीची नक्कल करत उत्तर शोधणाऱ्या संगणकी पद्धतीला) हात घालतात. मीही तेच केले होते. आता माझा आग्रह असा की, आधी दोन रिले कागदावर हाताने जुळवावेत.

माझे पहिले उदाहरण 11 केव्हीचे होते. फीडरच्या (सामाईक वाहकावरून, म्हणजे बसवरून, निघणाऱ्या लाइनच्या) रिलेचे पिकअप, म्हणजे ज्या प्रवाहापुढे रिले चालू लागतो तो, 200 अँपिअर व टीएमएस (रिलेचा वेळ कमी-जास्त करणारा गुणक) 0.1, तर बसला वीज आणणाऱ्या इनकमरचे पिकअप 400 अँपिअर होते. दोन्हींना स्टँडर्ड इन्व्हर्स कर्व्ह होता, म्हणजे प्रवाह वाढेल तसा रिलेचा वेळ घटतो. टीएमएस 1 असताना पिकअपच्या दहापट प्रवाहाला हा कर्व्ह सुमारे 2.97 सेकंद घेतो, म्हणून जुने लोक त्याला ‘तीन सेकंदांचा रिले’ म्हणतात. 2000 अँपिअरच्या फॉल्टला फीडर 0.30 सेकंदात चालणार होता. त्यात 0.3 सेकंदाचे अंतर मिळवून मी इनकमरचा टीएमएस 0.14 काढला आणि समाधानाने कागद वरिष्ठांपुढे ठेवला.

त्यांनी एवढेच विचारले, “हा फॉल्ट कुठला? फीडरच्या टोकाचा की बसजवळचा?”

तो टोकाचा होता. बसजवळचा फॉल्ट 4000 अँपिअरचा होता. तेथे फीडर 0.23 सेकंदात, तर इनकमर 0.42 सेकंदातच चालत होता, म्हणजे अंतर जेमतेम 0.19 सेकंद उरत होते. ब्रेकर उघडण्याचा वेळ, सीटी (रिलेला प्रवाह मोजून देणारा ट्रान्सफॉर्मर) व रिलेची चूक, प्रवाह थांबल्यावरही जुन्या रिलेची चकती पुढे सरकते तो वेळ आणि वर थोडी सुरक्षितता, हे सारे त्या 0.3 मध्ये धरलेले असते. ते इतके घटवणे म्हणजे एका फीडरच्या दोषासाठी संपूर्ण बस अंधारात घालण्याची जोखीम. टीएमएस 0.18 केल्यावर काम जमले. टोकाच्या फॉल्टला बॅकअप थोडा संथ झाला, पण ती किंमत देणे भागच होते.

रेडियल जाळ्यात (जेथे वीज एकाच बाजूने येते) शेवटच्या रिलेपासून मागे येत हे करता येते. रिंगमध्ये, म्हणजे लाइन फिरून पुन्हा सुरुवातीला मिळते अशा जाळ्यात, मात्र शेवटचा रिले नसतोच, कारण प्रत्येक रिले दुसऱ्या कुणाचा तरी बॅकअप असतो आणि ही साखळी फिरून पहिल्यावरच येते. येथे ऑप्टिमायझेशनची खरी गरज भासते. पिकअप आधी ठरवले, तर दिलेल्या फॉल्टसाठी रिलेचा वेळ टीएमएसच्या सरळ प्रमाणात राहतो आणि प्रश्न लिनिअर प्रोग्रामिंगचा (सरळ प्रमाणातल्या अटी पाळून किमान उत्तर काढण्याचा) होतो. उर्दानेता व सहकाऱ्यांचा 1988 चा शोधनिबंध याच वाटेने जाणारा असून नवख्याने तेथूनच सुरुवात करावी. मुख्य रिलेंच्या वेळांची बेरीज किमान ठेवायची आणि प्रत्येक मुख्य-बॅकअप जोडीसाठी अंतराची एक अट लिहायची. पिकअपही चल मानले की प्रश्न नॉनलिनिअर होतो, आणि पार्टिकल स्वॉर्म वगैरे शोध-अल्गोरिदम मंडळींची गरज पडते ती तेव्हा.

माझा बहुतेक वेळ मात्र अल्गोरिदममध्ये गेला नाही. तो जोड्यांच्या यादीत गेला. एखादी लाइन बंद असताना फॉल्टचे प्रवाह बदलतात, सौर प्रकल्प जोडल्यावर पुन्हा बदलतात, आणि जी परिस्थिती अटींमध्ये लिहिलेली नाही ती कॉम्प्युटरच्या लेखी अस्तित्वातच नसते. उत्तर सापडतच नसेल, तर सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी अडवणारी जोडी शोधावी. आखूड लाइन असेल, तर तेथे डिफरन्शिअल रिले (लाइनच्या दोन्ही टोकांचे प्रवाह ताडून पाहणारा) बसवणे हाच कित्येकदा शहाणपणाचा उपाय ठरतो.

टीएमएसचे उत्तर 0.1374 असे येते, रिलेवर 0.14 बसते. हा आकडा वर घेतल्यावर तो रिले ज्या जोड्यांमध्ये मुख्य आहे, त्या सर्व जोड्या पुन्हा तपासाव्या लागतात, कारण तो संथ झाला की त्याच्या बॅकअपचे अंतर तेवढेच घटते.