पोकरमध्ये तुम्ही किती लूज खेळता? बैठकीच्या आकड्यांवरून असे ओळखा

बैठक संपली की स्क्रीनवर 'फ्लॉप पाहिले: २८%' असा आकडा दिसतो (फ्लॉप म्हणजे टेबलावर उघडलेली पहिली तीन पाने) आणि बरेच जण तेवढ्यावरच आपण लूज (जास्त डाव खेळणारे) की टाइट (मोजकेच डाव खेळणारे) हे ठरवून टाकतात. तो आकडा या कामाचा नाही. बिग ब्लाइंडवर (मोठी सक्तीची रक्कम भरणाऱ्या जागेवर) बसून चेक करून (जास्तीचे पैसे न घालता) फुकट पाहिलेला फ्लॉपही त्यात धरलेला असतो. उलट तुम्ही रेझ केले (पैज वाढवली) आणि सगळ्यांनी पत्ते टाकले, तर फ्लॉप आलाच नाही म्हणून तो डाव त्यातून सुटतो.

१. आधी खरा आकडा काढा. हवा तो व्हीपीआयपी, म्हणजे फ्लॉपआधी स्वतःच्या मर्जीने पैसे घातलेल्या डावांची टक्केवारी. नुसता ब्लाइंड भरणे त्यात येत नाही. स्मॉल ब्लाइंडवरून (छोटी सक्तीची रक्कम भरणाऱ्या जागेवरून) उरलेली रक्कम भरून डावात राहणे मात्र येते, आणि हातमोजणीत नेमके हेच विसरले जाते.

समजा सहा जणांच्या टेबलावर १२० डाव झाले आणि फ्लॉप ३४ पाहिले. त्यातले बिग ब्लाइंडचे ७ फुकटचे, ते वजा करा: २७. रेझवर सगळे पळाले असे ७ डाव आणि रेझ करून पुढच्या री-रेझला सोडलेले २ डाव मिळवा: ३६. व्हीपीआयपी झाला ३०%.

२. तीस टक्के म्हणजे किती, ते पत्त्यांत पाहा. दोन पानांच्या एकूण १३२६ जोड्या होतात. सगळ्या पेअर (सारख्याच आकड्याची दोन पाने), एकाच चिन्हाच्या एक्क्याच्या सगळ्या जोड्या आणि दश्शी ते एक्का यांतली कोणतीही दोन पाने धरली तरी २७० जोड्या भरतात, साधारण २०%. ३०% खेळायचे तर आणखी सव्वाशेच्या वर जोड्या लागतात. मग किलवरची राणी आणि चौकटची नव्वी असले पत्तेही हळूच यादीत शिरतात.

३. जागेप्रमाणे फोड करा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण एकूण टक्केवारीत चूक लपते. वरच्या बैठकीत प्रत्येक जागी २० डाव आले आणि खेळलेले डाव असे निघाले: पहिली जागा (ब्लाइंडनंतर लगेचची) ५, दुसरी ५, कटऑफ (बटणाच्या आधीची जागा) ६, बटण (डीलरची जागा) ८, स्मॉल ब्लाइंड ७, बिग ब्लाइंड ५. बटणवर ८ म्हणजे ४०%. तिथे फ्लॉपपासून पुढे सगळ्यांनंतर बोलायला मिळते, त्यामुळे ४० ते ५०% रास्तच आहे. पहिल्या जागी मात्र मागे पाच जण बोलायचे असतात. तिथे १५ ते १८% पुरतात, कटऑफवर २५ ते ३०%. म्हणजे पहिल्या जागेचे २५% आणि स्मॉल ब्लाइंडचे ३५% तपासायला हवेत. नऊ जणांच्या टेबलावर पहिल्या जागेचा आकडा १०-१२% पर्यंत खाली येतो.

४. निकाल द्यायची घाई करू नका. २० पैकी ५ आणि २० पैकी ३ यांत फरक नुसत्या पत्त्यांच्या नशिबाचाही असू शकतो. १२० डावांतल्या ३०% ला साधारण ८ अंक इकडे-तिकडे धरावे लागतात, १००० डावांत सुमारे ३ अंक. म्हणून बैठकी जोडत जा. एकूण आकड्यासाठी निदान हजार डाव हवेत, एका जागेचा निवाडा करायला त्या जागेचे पाचशे तरी.

जोडताना टेबलावर किती जण होते ते वेगळे नोंदवा. लोक उठून तिघेच उरले की व्हीपीआयपी आपोआप वाढतो, आणि वाढायलाच हवा. ते डाव सहा जणांच्या डावांत मिसळले तर विनाकारण लूज दिसाल.

५. शेजारी पीएफआर ठेवा. हा फ्लॉपआधी रेझ केलेल्या डावांचा टक्का. ३०/२५ आणि ३०/९ (आधी व्हीपीआयपी, मग पीएफआर) हे दोन्ही लूजच, पण पहिला पुढाकार घेतो, तर दुसरा कॉल करत (दुसऱ्याच्या पैजेएवढेच पैसे घालत) मागे फरफटतो. सहा जणांच्या टेबलावर दोन आकड्यांतली तफावत ४ ते ६ च्या आसपास असावी. १० च्या वर गेली तर आधी लिंप (रेझ न करता नुसत्या बिग ब्लाइंडएवढे पैसे घालून डावात येणे) आणि रेझवरचे कॉल कमी करा. खेळायचे पत्ते कमी करून पाहायचे ते त्यानंतर.

६. फ्लॉपनंतरचा सैलपणा वेगळा मोजा. पाहिलेल्या फ्लॉपपैकी किती वेळा शोडाउनपर्यंत (शेवटी पत्ते उघडून दाखवण्यापर्यंत) गेलात ते काढा. २४ ते ३०% नेहमीचे. ३३% च्या वर जाऊन त्यातले निम्मेही जिंकत नसाल, तर रिव्हरवर (टेबलावरच्या शेवटच्या पानावर) कमकुवत पेअर घेऊन कॉल होत आहेत. व्हीपीआयपी २२ असलेल्या खेळाडूलाही हे होते, आणि फ्लॉपआधीच्या आकड्यात ते दिसत नाही.

आता पहिल्या जागेवरून खेळलेले सगळे डाव उघडा आणि प्रत्येकाची दोन पाने कागदावर लिहून काढा. कोणती जोडी परत परत येते ते पाहा. त्या जागेवरच्या पुढच्या पाचशे डावांत तेवढीच सोडा आणि आकडा पुन्हा काढा.