साळसूद काठी: हाऊस क्यूचा ‘स्नीकी पीट’ कसा करून घ्यावा

पूल म्हणजे टेबलावरचे बॉल काठीने मारून कडेच्या खिशांत पाडायचा, स्नूकरच्या जातीचा खेळ. अमेरिकेतल्या कुठल्याही पूल हॉलमध्ये भिंतीला ओळीने काठ्या लावलेल्या असतात. ५७ इंचांची एकसंध काठी, पुढे पांढुरका मेपल, मागे गडद लाकूड, आणि त्या गडद लाकडाची चार टोकं भाल्यासारखी मेपलमध्ये घुसलेली. क्यू म्हणजे ही खेळायची काठी, आणि हॉलच्या मालकीचा तो हाऊस क्यू. कोणीही घ्यावा, खेळावं, परत ठेवावा.

‘स्नीकी पीट’ दिसायला हुबेहूब असाच, पण मधोमध फिरवला की दोन तुकडे होतात. पैसे लावून खेळणारे बिलंदर लोक तो हॉलमध्ये शिरण्याआधीच जोडून ठेवत. समोरच्याला वाटावं, गडी नवखा आहे, भिंतीवरची काठी उचलून आलाय. आता ही युक्ती चालत नाही. मुरलेला खेळाडू पहिल्यांदा काठीच्या मध्यावरच नजर टाकतो. तरी मी हाच क्यू घ्या म्हणेन, कारण नक्षी, शिंपल्यांचं जडणकाम, लिननची मूठ यांचा खर्च वाचतो आणि पैसा जोडात आणि टिपेत, म्हणजे बॉलला लागणाऱ्या टोकावरच्या चामड्याच्या टोपीत, जातो. कमीपणाही काही नाही. ब्रुकलिनचा जॉर्ज बालाबुश्का (१९१२–१९७५) हा क्यू बनवणाऱ्यांतला दादा माणूस. त्याच्या कितीतरी नामांकित क्यूंच्या पोटात ब्रन्सविक कंपनीच्या ‘टायटलिस्ट’ या हाऊस क्यूचंच लाकूड आहे.

काठी निवडणं

काठी टेबलावर ठेवून हलक्या हाताने लोटा आणि डोळे टेबलाच्या पातळीला आणून खालची उजेडाची फट बघा. फट उघडझाप करत असेल तर काठीला बाक आहे; सोडून द्या. टिपेकडच्या अर्ध्या भागात मेपलचे रेषे (लाकडाचे तंतू) लांबीने सरळ जायला हवेत, तिरके बाहेर पडणारे नकोत. चार टोकंही नीट तपासा. स्वस्तातल्या काठ्यांवर ती नुसती चिकटवलेली छपाई असते. खऱ्या सांध्यात गडद लाकडाचे रेषे टोकापर्यंत चढताना दिसतात आणि चारही टोकं तंतोतंत एका उंचीवर क्वचितच येतात.

वजनाचा हिशोब आत्ताच करा. दोन तुकडे जोडणारी आट्यांची पोलादी पिन बसली की साधारण एक औंस वाढतो. १९ औंसांचा क्यू हवा असेल तर १८ ची काठी घ्या.

पुण्या-मुंबईत स्नूकरची काठी हाताशी असली तरी तिच्यावर हा प्रयोग नको. ती बहुधा ॲशची असते, टिप दहा मिलिमीटरच्या आसपास. पूलच्या जड बॉलला साडेबारा-तेरा मिलिमीटरची टिप लागते.

कापणं आणि जोडणं

हे काम घरच्या करवतीचं नाही. लेथवर क्यू दुरुस्त करणारा माणूस गाठा. पिन केसभर जरी मध्य सोडून बसली तरी टिपेचं टोक फिरताना डुगडुगतं. कारागिराला मात्र काय सांगायचं ते तुम्हाला माहीत हवं.

कापण्याआधी मध्यावर पेन्सिलीने लांबीच्या दिशेने एक बारीक रेघ मारायला लावा, पुढच्या भागावरून मागच्या भागावर गेलेली. सगळी मेख या रेघेत आहे. दोन्ही तुकडे एकाच लाकडाचे असल्यामुळे रेघ जुळली की रेषे जुळतात, आणि रेषे जुळले की जोड डोळ्याला दिसत नाही. कापल्यावर दोन्ही तोंडं गुण्यात, म्हणजे काठीच्या लांबीला बरोबर काटकोनात, हवीत. मधे कडं नको, पितळेची चकती नको; लाकडाला लाकूडच भिडलं पाहिजे. पिन मागच्या भागात बसते आणि पुढच्या भागात थेट मेपलमध्ये आटे पाडतात. ३/८ इंच जाडीची, इंचाला १० आटे असलेली पिन या कामाला छान.

आता पिळून बघा. बहुतेक वेळा पहिल्या फटक्यात रेघ जुळत नाही, थोडी अलीकडे थांबते. इंचाला १० आटे म्हणजे एका फेऱ्याला अडीच मिलिमीटर. म्हणजे पुढच्या भागाचं तोंड पाव मिलिमीटर उतरवलं की काठी फेऱ्याचा दहावा हिस्सा जास्त फिरते. असं थोडं थोडं उतरवत रेघेवर रेघ आणायची. घाई केली की रेघ पुढे निघून जाते आणि मग जवळजवळ पूर्ण फेरा उतरवत बसावं लागतं.

करवतीच्या पात्याने मधलं थोडं लाकूड खाल्लेलं असतं आणि काठी तर निमुळती. त्यामुळे जोडावर एक अगदी सूक्ष्म पायरी राहते. दिसत नाही, पण नख फिरवलं की अडकतं. काठी जोडलेल्या अवस्थेतच लेथवर फिरवून तेवढाच भाग बारीक पॉलिशपेपरने उतरवायचा. उघड्या तोंडांना आणि आट्यांना पातळ सीलर लावायला विसरू नका. आडवं कापलेलं लाकूड दमटपणा पितं.

घरी आणल्यावर पुन्हा तीच लोटून बघायची परीक्षा. दोन्ही तुकडे सुटे सरळ आणि जोडल्यावर डुगडुग, तर दोष लाकडाचा नाही, तोंडांचा किंवा पिनेचा. परत न्या.

टिप आणि रंगरूप

मूळ टिप काढून थरांची चामड्याची टिप बसवा आणि गोलाई अमेरिकेच्या पाच सेंटच्या नाण्याच्या कडेइतकी ठेवा. इथे कंजुषी केलीत तर बाकी सगळं फुकट. बाहेरून मात्र काही करू नका. जुने ओरखडे, खडूचे निळे डाग, मुठीजवळ ठोकलेला वजनाचा आकडा, सगळं राहू दे. नवं चकचकीत पॉलिश केलंत की सोंग उघडं पडलं.

सोंग फार चांगलं वठलं तर काय होतं तेही सांगतो. न्यू जर्सीतल्या एका हॉलमध्ये मी माझा क्यू खांबाला टेकवून चहा आणायला गेलो. परत आलो तोवर आवराआवर करणाऱ्या मुलाने तो इमानदारीने भिंतीवर लावून टाकला होता. पुढची वीस मिनिटं मी एकेक काठी काढून मधोमध पिळून बघत होतो आणि शेजारच्या टेबलावरचे लोक खेळ थांबवून माझ्याकडे बघत होते. तेव्हापासून बुडाचं रबर काढून आत नाव लिहिलंय, आणि चहाला जाताना काठीचे दोन तुकडे करून पिशवीत घालतो.