विहीर खोल करताय? काठाला लागून होल मारू नका

मे महिन्यात संत्र्यासाठी विहीर खोल करायची आणि जुलैच्या झडीत तिचीच बाजू ढासळून पंप गाळात जायचा. वरुड-मोर्शीकडं हे इतक्यांदा पाहिलं, की आता कोणी ब्लास्टिंगचं बोललं की आधी विचारतो, भाऊ, सुरुंगाचं होल काठापासून किती दूर?

सुरुंग उडाला की होलाभोवतीच्या खडकाचा भुगा होतो, पण थोडाच. त्यापुढं बैलगाडीच्या आऱ्यांसारख्या भेगा सुटतात आणि तापलेला वायू त्यांत पाचरीसारखा घुसतो. काळा पाषाण दाबाला दणकट, ताणाला कच्चा. दाबाच्या दहाव्या हिश्श्याइतक्या ताणातही तडकतो. धक्क्याची लाट मोकळ्या बाजूवरून (जिथं पुढं खडक नाही, रिकामी जागा आहे) उलटी फिरली की खडक ताणला जाऊन तिथूनच सुटतो. मोकळी बाजूच नसली, तर जोर विहिरीच्या भिंतीत मुरतो. भेग तेव्हा दिसत नाही. पाणी भरलं की दिसते.

म्हणून आधी मधोमध खड्डा फोडून मोकळी बाजू करून घ्या. कडेचे होल त्यानंतर, कमी भाराचे (म्हणजे दारू कमी). होलाचं तोंड मुरमानं ठासून बंद करायला लावा, नाहीतर वायू वरच्या वर निघून जातो, नुसता आवाज. ‘टोटे (दारूच्या कांड्या) वाढवा, झरे फुटतील’ म्हणणाऱ्याचं बिल टोट्यांवर असतं! झरा खडकातल्या मूळच्या सांध्यांतूनच येतो. भार किती, हे परवानाधारकानं ठरवायचं. न उडालेल्या होलात पुन्हा ड्रिल नको.

आणि आभाळ गडगडत असेल तर होल भरूच नका. इलेक्ट्रिक केप (सुरुंग उडवणारी टोपी) आभाळातल्या विजेनं आपोआप उडू शकते. या दिवसांत वळवाचा नेम नाही, काम सकाळीच उरका.

इतर कामं:
- संत्रा: बुंध्याला बोर्डो पेस्ट (मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर).
- सोयाबीन: घरच्या बियाण्याची उगवण तपासा, 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरणी नाही.
- कपाशी: जूनआधी लावू नका, बोंडअळीला आयतं खाद्य मिळतं.
- दुकानदाराचं ‘रूट बूस्टर’: राहू द्या.

ब्लास्टिंग झालं असेल तर भिंत हातोडीनं ठोकून पाहा. ठणठणीत आवाज आला तर खडक धरून आहे. भद्द आला तर मागं भेग. हा माझा अंदाज, पण बहुतेकदा खरा निघाला. भद्द वाजणारा धोंडा पहारीनं वरूनच पाडा, कमरेला दोर बांधून. मिरगाआधी.