दिवा शेवटी, पॉइंट आधी: बाथरूम उजळायच्या तयारीची यादी

गेल्या मे महिन्यात आम्ही बाथरूम फोडलं. डोंबिवलीतली १९९४ची इमारत, साडेचार बाय सातचं बाथरूम, वर माळा, माळ्यावर गीझर आणि त्याच्या शेजारी आकाशकंदिलाचं खोकं. खिडकी डक्टमध्ये उघडणारी. दिवा एकच, दाराच्या चौकटीवर होल्डरला लावलेला ९ वॅटचा एलईडी, उजाला योजनेत घेतलेला. तो बिचारा अजूनही चालतो. पण आरशासमोर उभं राहिलं की तो आपल्या पाठीमागे, आणि आरशात आपल्या चेहऱ्यावर आपलीच सावली. सासूबाई टिकली लावायला बाल्कनीत जायच्या. काम झाल्यावर जाऊबाईंनी आणि समोरच्या काकूंनी यादी मागितली. आकडे घालून लिहायला बसले, पण एक गोष्ट दुसरीत अशी अडकलेली की धड जमेना. म्हणून सलगच लिहिते.

सगळ्यात आधी दुकानात जाऊ नका. रात्री बाथरूमचा दिवा बंद करा, घरातला चार्जिंगचा दिवा घ्या (प्लगचा नको, ओल्या जागेत वायर नको) आणि कोणाला तरी तो हातात धरून उभं करा. आधी डोक्यावर, मग आरशाच्या वर, मग आरशाच्या बाजूला तोंडाच्या उंचीवर. तुम्ही आरशात बघत राहा. डोक्यावर धरला की डोळ्यांखाली खड्डे पडतात, हनुवटीखाली काळोख होतो, माणूस आठवडाभर झोपलेलं नाही असं दिसतं. बाजूला आणला की तोच चेहरा सपाट, स्वच्छ. पाच मिनिटांचा खेळ आहे, पण पुढचे सगळे निर्णय त्यावर होतात. कॅटलॉग बघून हे कळत नाही.

मग मेजपट्टी. लांबी, रुंदी, आणि मुख्य म्हणजे उंची. आमचं बाथरूम साधारण तीन चौरस मीटर. अंघोळीच्या जागेला चौरस मीटरमागे दोनशे ल्युमेन (हे उजेडाचं माप) उजेड भरपूर झाला, म्हणजे सहाशे. दिव्यातून निघालेला निम्मा उजेड भिंती आणि कोपरे खातात असं धरायचं, म्हणजे दिव्यांतून बाराशे ल्युमेन निघायला हवेत. चांगला एलईडी वॅटमागे नव्वद-शंभर ल्युमेन देतो, तेव्हा बारा-तेरा वॅट झाले. म्हणजे आमचा जुना ९ वॅटचा बल्ब हिशेबात फार मागे नव्हता. चुकीच्या जागी होता. बहुतेक घरांत हेच असतं आणि माणसं ९ काढून १५ वॅटचा लावतात, मग सावली आणखी काळी पडते. गडद राखाडी किंवा चॉकलेटी टाइल्स लावणार असाल तर हिशेब दीडपट करा. त्या टाइल्स सध्या सगळ्यांना हव्या असतात, का ते मला कळलेलं नाही. डक्टच्या खिडकीच्या काचा मात्र आधी काढून धुवा. आमच्या काचांवर तीस वर्षांचा थर होता. त्या साफ झाल्यावर दुपारी दिवा लावायची सवय अर्धी सुटली.

उंचीचं का सांगितलं, ते ऐका. जुन्या इमारतींत बाथरूमवर माळा असतो, त्यामुळे छत सात फुटांवर येतं. आंतरराष्ट्रीय विद्युत नियमांत शॉवरखालची जागा जमिनीपासून सव्वादोन मीटरपर्यंत ओली धरतात, आणि तिच्या कडेची आणखी ६० सेंटिमीटरही. सव्वादोन मीटर म्हणजे जवळजवळ सात फूट पाच इंच. म्हणजे आपलं आख्खं छतच त्या ओल्या पट्ट्यात! शिवाय ते नियम टब किंवा शॉवरची ठरावीक जागा गृहीत धरतात. आपल्याकडे बादली-तांब्या, त्यात जेट, त्यात सहा वर्षांचा मुलगा. सगळं बाथरूम ओलंच समजा.

म्हणून खोक्यावरचा आयपीचा आकडा वाचायचा. पहिला आकडा धूळ-किड्यांसाठी, दुसरा पाण्यासाठी. आयपी २० म्हणजे हॉलमधला दिवा, तो इथे नको. ४४ म्हणजे कुठूनही शिंतोडे उडाले तरी चालतील. आरशाजवळ तेवढं पुरतं. ६५ म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही आणि पाण्याची धारही चालेल. शॉवरच्या वर तोच घ्या. याचा एक फायदा दुकानदार सांगत नाही. पावसाळ्यात दिव्याच्या दुधी काचेत मेलेले किडे साठतात ना, ते ६५मध्ये जमत नाहीत. पण काही दिवे फक्त समोरून ६५ असतात, मागचा भाग उघडाच असतो. फॉल्स सीलिंगमध्ये बसवणार असाल तर हे विचारून घ्या, कारण वरून गळती झाली तर पाणी मागूनच येणार.

आणि वरून गळती होतेच. आमच्या माळ्यात वरच्या घराचा नहाणी ट्रॅप लोंबतो. त्याच्या सांध्यावर पांढरं मीठ फुटलेलं दिसलं तेव्हा आम्ही दिव्याचं काम थांबवून आधी वरच्या काकांकडे चहा प्यायला गेलो. त्यांनी सांधा करून घेतला, आम्ही पंधरा दिवस थांबून माळा सुकलेला बघितला, मगच पुढे. छताला पीओपी करू नका, वाफेने फुगतं. पीव्हीसीच्या पट्ट्या लावा, उद्या काही झालं तर उघडता येतात. आम्ही तेही केलं नाही; माळ्याच्या स्लॅबला थेट दोन छोटे सरफेस पॅनल लावले, सहा-सहा वॅटचे. एक मोठा लावण्यापेक्षा दोन लहान बरे. सात फुटांवरचा एकच प्रखर दिवा डोळ्यांत जातो, आणि एक गेला तरी दुसऱ्यावर अंघोळ होते.

आता मुख्य गोष्ट, जिथे आम्ही आपटलो. दिवा अगदी शेवटी घेतला तरी चालतो, पण त्याचा पॉइंट टाइल्सच्या आधी ठरला पाहिजे. वायरमन भिंतीला झिरी मारत होता तेव्हा त्याने विचारलं होतं, "वहिनी, आरशाचा पॉइंट कुठे घेऊ?" मी म्हटलं, "आरसा आणला की बघू." तो हसला आणि खांदे उडवून निघून गेला. टाइल्स लागल्या, आरसा आला, आणि आरशाच्या बाजूच्या दिव्यासाठी वायर कुठून आणायची हे कोणालाच कळेना. आमचे हे म्हणाले, माळ्यातून पट्टीतून वायर खाली आणू, मी करतो, रविवार आहे. ड्रिल हातात घेतलं, टाइलवर चिकटपट्टी लावली (ती लावावी, बिट घसरत नाही), पहिलं भोक छान झालं. दुसऱ्याला आतून एक बारीक गरम धार आली, थेट त्यांच्या चष्म्यावर. गीझरमधून बेसिनला येणारी पाइप तिथूनच सरळ खाली उतरत होती. मुख्य कॉक गच्चीवर, गच्चीची चावी वॉचमनकडे, वॉचमन वडापाव खायला. तोपर्यंत मी अंगठा भोकावर दाबून उभी. दोन टाइल्स काढाव्या लागल्या आणि त्याच लॉटच्या टाइल्स दुकानात शिल्लक नव्हत्या.

तेव्हा यादीतली ही ओळ दोनदा वाचा. प्लंबर आणि वायरमनचं काम झालं, भिंत अजून उघडी आहे, अशा वेळी प्रत्येक भिंतीला मेजपट्टी टेकवून फोटो काढा. जमिनीपासून किती आणि कोपऱ्यापासून किती हे फोटोत दिसलं पाहिजे. नळाच्या आणि डायव्हर्टरच्या (गरम-थंड पाणी शॉवरकडे वळवणारा भिंतीतला कॉक) सरळ वर-खाली कधीही भोक पाडू नका, पाइप बहुधा तिथेच असते. आणि टाइल्सचं एक खोकं जास्तीचं घेऊन माळ्यावर ठेवा.

पॉइंट घेताना वायरमनकडून तीन-चार गोष्टी उभं राहून करून घ्या. प्रत्येक दिव्याला तीन वायरी आल्या पाहिजेत. जुन्या घरांत दिव्याला दोनच असतात, अर्थिंग नसतंच, आणि आपण पितळी फॅन्सी दिवा हौसेने आणतो, ज्याच्या धातूला अर्थिंग हवंच. दुसरं, बटणावर फेज तुटतोय की न्यूट्रल, हे टेस्टरने बघायला सांगा. न्यूट्रल तुटत असेल तर बटण बंद असतानाही होल्डरमध्ये करंट उभा असतो. ओल्या हाताने बल्ब बदलणाऱ्याचं काय होईल ते सांगायला नको. बटण बंद केल्यावरही एलईडी अंधूक मिणमिणत असेल तर ते याचं लक्षण असू शकतं, किंवा बटणातल्या लाल इंडिकेटरमुळेही तसं होतं. आमच्याकडे कारण पहिलंच निघालं, तीस वर्षं तसंच. तिसरं, बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, आहे का? असेल तर तिचं टेस्टचं बटण दाबून ती पडते का बघा. नसेल तर दिव्यांच्या बजेटमधून आधी ती. बटणं बाथरूमच्या बाहेर, आणि एक्झॉस्ट, छताचे दिवे, आरशाचे दिवे अशी वेगवेगळी. एक्झॉस्ट आणि दिवा एका बटणावर घेतला की रात्री पाणी प्यायला उठलेलं माणूसही घरभर घरघर ऐकतं. इन्व्हर्टर असेल तर छताचा एक दिवा त्यावर टाकून घ्या. तोंडाला साबण लावल्यावरच वीज जाते असा आमचा अनुभव आहे.

आरशाचे दिवे दोन्ही बाजूंना उभे, मध्य साधारण पाच फुटांवर, घरातल्या सरासरी डोळ्यांच्या उंचीला. आमच्याकडे हे सहा फूट आणि सासूबाई पावणेपाच, त्यामुळे दोन फूट लांबीचे उभे दिवे घेतले, दोघांचं भागलं. बाजूला जागाच नसेल तर आरशाच्या वर आरशाइतकीच लांब बॅटन (ट्यूबलाइटसारखा पट्टीचा दिवा), उजेड पुढे, आपल्या तोंडावर पडेल अशी. आतच दिवे असलेला आरसा मी घेतला नाही. त्यातली पट्टी गेली की बहुतेकदा आरशासकट बदलावं लागतं.

आता कुठे खरेदी. आमच्या घरची मंडळी मुंबईला विजेच्या सामानाच्या बाजारात, लोहार चाळीत गेली, मीही गेले, पण दिवे गल्लीतल्याच दुकानात घेतले, कारण परत करायला डोंबिवलीहून मुंबई गाठावी लागत नाही. रंग विचारताना "पांढरा" म्हणू नका. ६५०० केल्विनचा निळसर पांढरा, जो दुकानदार न विचारता देतो, त्यात ऑफव्हाइट टाइल्स धुतलेल्या राखेसारख्या दिसतात. ३००० पिवळा, निवांत, पण दाढी करायला कमी. मी सगळे ४००० घेतले. एकाच जागी दोन रंगांचे दिवे नकोत, आणि बटण दाबेल तसा रंग बदलणारे तर नकोतच. घरात चार माणसं असतील तर रोज सकाळी वेगळाच रंग लागतो. रंग खरे दाखवण्याचा आकडा, सीआरआय, आरशापाशी नव्वद असावा, छताला ऐंशी चालेल. तो खोक्यावर नसेल तर साधी परीक्षा: लावलेल्या दिव्याखाली आपला तळवा धरा आणि पर्समधली कुंकवाची डबी उघडा. तळवा मातकट आणि कुंकू विटकरी दिसलं तर दिवा खाली ठेवा. मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर धरा, स्क्रीनवर काळे पट्टे सरकत असतील तर आतला ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) स्वस्तातला आहे. बल्ब घेत असाल तर आर-ने सुरू होणारा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक बघा. लोखंडी पत्र्याची बॉडी इथे गंजते. प्लास्टिक किंवा ॲल्युमिनियम घ्या. आणि आत बसणारे पॅनल घेतले तर एक जास्तीचा आणून ठेवा. कंपनी बदलली की भोकाचं माप पाव इंचाने तरी हुकतं.

सासूबाईंसाठी रात्रीचा दिवा वेगळा लावला, खाली फूटभर उंचीवर, अगदी मंद, पिवळा. तो सेन्सरवर आहे. सेन्सरचं एक लक्षात ठेवा: अंगाची उष्णता ओळखणारा साधा सेन्सर काचेपलीकडचं बघू शकत नाही. शॉवरला काचेचं पार्टिशन असेल आणि मुख्य दिवा त्यावर टाकला, तर अंघोळ करताना काळोख होतो आणि आतलं माणूस हात हलवत बसतं. रात्रीच्या दिव्यापुरताच तो ठीक.

सगळं लागल्यावर रात्री जाऊन बघा. दार लावा, गीझरचं गरम पाणी दहा मिनिटं सोडून वाफ करा, एकेक दिवा लावा आणि बंद करा. बंद केल्यावर मिणमिणतोय का, आरशात दोन्ही गाल सारखे दिसतात का, खाली बसून बादलीत बघितलं तर आपली सावली बादलीवर पडते का. सासूबाईंना आत पाठवा आणि टिकली लावायला सांगा. टिकली मधोमध लागली तरच वायरमनचे राहिलेले पैसे द्या.