घरी पाहिलेल्या सिनेमावर मत लिहिताना

"फोटोग्राफी एकदम सिरियलसारखी आहे, सेट खोटे वाटतात." घरच्या टीव्हीवर पाहिलेल्या सिनेमाबद्दल असं लिहावंसं वाटलं, तर पहिला संशय कॅमेरामनवर घेऊ नका. आधी टीव्ही तपासा. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेम्सनी चित्रित होतो. नवे टीव्ही त्या फ्रेम्सच्या मधे स्वतःच्या मनाने जास्तीच्या फ्रेम्स घुसडतात. क्रिकेटच्या चेंडूला ते बरं दिसतं, पण सिनेमातली माणसं तेवढ्याने स्टुडिओत व्हिडिओवर टिपल्यासारखी गुळगुळीत सरकायला लागतात. सोनीच्या टीव्हीत याला 'मोशनफ्लो' म्हणतात, एलजीत 'ट्रूमोशन', सॅमसंगमध्ये 'पिक्चर क्लॅरिटी'. पुष्कळ टीव्हींत हे आधीपासूनच चालू असतं. पिक्चर सेटिंगच्या आतल्या प्रगत सेटिंगमध्ये जाऊन बंद करायचं. 2020 पासूनच्या काही टीव्हींत 'फिल्ममेकर मोड' असतो, तो या जास्तीच्या फ्रेम्स आपोआप बंद करतो. तो असेल तर एवढी शोधाशोध लागत नाही.

घरी पाहिलेल्या सिनेमाबद्दलच्या मतात बराच वाटा खोलीचा, रिमोटचा आणि स्वयंपाकघरातल्या कुकरचा असतो. तो आधी बाजूला काढावा लागतो. मत त्यानंतरचं.

चित्राचा आकार बघा. जुने कृष्णधवल मराठी सिनेमे जवळजवळ चौकोनी, साधारण 4:3 आकाराचे. आजचा टीव्ही 16:9. रिमोटवर 'फुल' किंवा 'स्ट्रेच' दाबलं की चित्र आडवं 33 टक्के ताणलं जातं आणि नायिका उगाच गुबगुबीत दिसते. 'झूम' केलं तर वर-खाली चित्र कापलं जातं, आणि मग लोक लिहितात, "कॅमेरामनने डोकी उडवली आहेत." ओळखायची सोपी खूण म्हणजे ताट, चाक, घड्याळ असं काही गोल शोधा. ते लंबगोल दिसलं तर सेटिंग चुकलंय. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या असणं हेच बरोबर आहे. यूट्यूबवर कुणी परस्पर चढवलेल्या प्रतीत दुकानांच्या पाट्या उलट्या दिसल्या, तर ती पकडलं जाऊ नये म्हणून आरशासारखी फिरवलेली प्रत आहे. तिच्यावरून छायाचित्रणाबद्दल अवाक्षर लिहू नये.

आवाजाची तक्रार सगळ्यात जास्त असते: संवाद ऐकू येत नाहीत आणि पार्श्वसंगीताने कानठळ्या बसतात. 5.1 मिश्रणात (पाच स्पीकर आणि एक खर्जाचा) संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतात. बहुतेक टीव्हींना मधला स्पीकर नसतो. दोन छोटे स्पीकर, तेही बऱ्याचदा खाली तोंड करून. ॲपच्या ऑडिओ यादीत 5.1 ऐवजी स्टीरिओ (दोन स्पीकरचं मिश्रण) निवडा, टीव्हीत संवाद ठळक करायची सोय असेल तर ती चालू करा. तरी शंका उरली तर तोच प्रसंग हेडफोन लावून ऐका. हेडफोनवर शब्द स्वच्छ आले तर दोष खोलीचा. तिथेही पुटपुटणंच ऐकू आलं तर खुशाल लिहा, तो ध्वनीचा किंवा उच्चाराचा दोष आहे.

कुठली प्रत पाहिली हेही महत्त्वाचं. सिनेमाच्या सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र येतं तेव्हा आपण पाणी आणायला उठतो, पण त्यावर सिनेमाची लांबी दिलेली असते, नव्या सिनेमांत मिनिटांत. ती टिपून ठेवा आणि तुम्ही पाहिलेल्या लांबीशी ताडून बघा. 'ए' प्रमाणपत्राचा सिनेमा आपल्या टीव्ही वाहिन्यांवर जसाच्या तसा दाखवता येत नाही, म्हणून तो कापून पुन्हा 'यूए' घेतला जातो. त्या कापलेल्या प्रतीवरून "संकलनात धक्के बसतात" म्हणणं संकलकावर अन्याय आहे. जुन्या डीव्हीडीत वेगळीच गंमत असते: ती पाल या आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीतली असेल तर सेकंदाला 25 फ्रेम्स, त्यामुळे 150 मिनिटांचा सिनेमा 144 मिनिटांत संपतो आणि आवाजही किंचित चढा लागतो. सहा मिनिटांचा फरक दिसला तर लगेच सेन्सॉरच्या नावाने बोटं मोडू नयेत.

मध्यंतराचं मात्र बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. आपल्याकडचा सिनेमा मध्यंतर धरून लिहिलेला असतो. त्याच्या आधी एक ठोसा असतो, आणि नंतरचा पहिला प्रसंग लोक समोसे घेऊन परत येईपर्यंत मुद्दाम सैल ठेवलेला असतो. ओटीटीवर ती पाटी बऱ्याचदा काढलेली असते. सलग पाहिलं की तो सैल प्रसंग रेंगाळल्यासारखा वाटतो. दोन-सव्वादोन तासांच्या सिनेमात 60 ते 75 मिनिटांच्या दरम्यान असा ठोसा आला की आपणच दहा मिनिटं थांबावं. मनाला येईल तिथे थांबू नये. सिनेमा चार रात्री तुकड्यातुकड्यांनी पाहून "पकड घेत नाही" म्हणणाऱ्याला काय सांगणार? दीडपट वेगाने पाहणाऱ्याने तर गतीबद्दल आणि अभिनयाबद्दल बोलूच नये. नटाचं अर्धं काम दोन वाक्यांच्या मधल्या थांब्यात असतं, आणि तोच तुम्ही गिळलेला असतो.

आता लिहिण्याकडे वळू. पाहताना मजकूर लिहीत बसू नका, फक्त वेळ आणि दोन शब्द टिपा: "41:10, दार, आई बोलत नाही". अशा पाच-सहा नोंदी पुरतात. सिनेमा संपल्यावर एक झोप काढून मग लिहा. सकाळी नोंद न वाचता जो प्रसंग आठवतो, त्याच्यावर लिहावं.

एकच प्रसंग, पण जवळून. हे कसं करायचं ते चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'वर करून बघू (2014, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक). घरी पाहणाऱ्याचं पहिलं मत हमखास येतं, "फार संथ आहे." हे मत खोटं नाही, अर्धवट आहे. संथ म्हणजे नेमकं काय होतं? कॅमेरा लांब ठेवलेला असतो आणि बराच वेळ जागचा हलत नाही. कुणाकडे बघायचं हे जवळच्या चेहऱ्यांनी सांगितलं जात नाही, ते आपणच शोधायचं असतं. सहा इंची फोनवर त्या चौकटीतले चेहरे तांदळाएवढे होतात, शोधायला काही उरत नाही, आणि मग नुसता संथपणा उरतो. तेव्हा आधी मोठ्या पडद्यावर पाहा, मग असं काहीसं लिहा:

"एका बाईने बिनबाह्यांचा टॉप घातलाय म्हणून न्यायाधीश तिचं प्रकरण ऐकतच नाहीत, पुढची तारीख देतात. आवाज चढत नाही, कुणी भाषण करत नाही. मुख्य खटल्याशी याचा काही संबंध नाही, पण त्या खटल्याचं काय होणार याचा अंदाज मला इथे आला. मला हा सिनेमा आवडला तो अशा जागांमुळे. सरकारी वकील कायद्याची कलमं एकसुरात वाचत राहतात तिथे मात्र माझा हात दोनदा फोनकडे गेला."

साठीच्या आत-बाहेर शब्द आहेत. 'अप्रतिम', 'कडक', 'काळजाला भिडणारा' यातलं काही नाही, शेवट फोडलेला नाही, आणि न आवडलेली गोष्टही जागेसकट सांगितली आहे. वाचणाऱ्याला तुमची आवड कळते; त्याची वेगळी असेल तर तो त्याचं ठरवेल. "दिग्दर्शन छान" लिहिण्यापेक्षा हे अवघड आहे, मान्य.

कथा तीन ओळींच्या वर सांगू नका. ट्रेलरमध्ये जे आहे ते आणि पहिल्या पाव भागातलं सांगितलेलं चालतं. त्यापुढचं सांगायचंच असेल तर आधी एका ओळीत इशारा द्यावा. "शेवटी मोठा धक्का आहे" हेही रहस्य फोडणंच आहे, कारण वाचणारा मग पहिल्या मिनिटापासून त्या धक्क्याची वाट बघत बसतो.

श्रेय चुकीच्या माणसाला जाणं ही नेहमीची गफलत. ओळ टाळीची असेल तर ती संवादलेखकाची. प्रसंग कुठून सुरू होतो आणि कुठे तोडला जातो ते पटकथेचं आणि संकलनाचं काम. शेवटची नामावली पूर्ण चालू द्या; ॲप लगेच पुढचं काहीतरी सुरू करतं, ते रिमोटने थांबवा. भाषेचंही तसंच. मालवणी किंवा वऱ्हाडी संवाद इंग्रजी सबटायटलमध्ये सपाट होतात, आणि डोळा तिथे गेला की कान बंद पडतो. मराठी समजत असेल तर सबटायटल बंद ठेवा.

रोजच्या मालिकेवर एका भागावरून लिहू नये. सलग आठवडाभराचे भाग पाहा आणि हातात घड्याळ घ्या. अर्ध्या तासाच्या जागेतून जाहिराती वजा केल्या की वीस-बावीस मिनिटं उरतात. त्यातून मागच्या भागाची उजळणी, शीर्षकगीत, 'पुढील भागात' आणि जुन्या प्रसंगांची आठवण वजा करा. मग एखादा धक्का बसल्यावर किती चेहरे आणि प्रत्येक चेहरा किती वेळा दाखवला ते मोजा. "आठवड्याभरात कथा अकरा मिनिटं सरकली" असं मोजून लिहिलेलं वाक्य "पाणी घालतात" यापेक्षा जास्त झोंबतं. मालिका कितव्या भागापासून कितव्या भागापर्यंत पाहिली तो आकडा मात्र द्यायलाच हवा.

तारे द्यायचे तर अर्धे-पाव तारे टाळा. त्याऐवजी शेवटी कसं पाहिलं त्याची एक ओळ जोडा: "43 इंची टीव्ही, सात फुटांवरून, सबटायटल बंद, दोन बैठकींत, दुसरी रात्री साडेअकरानंतर, जांभया देत." दोन वर्षांनी तुम्हीच तो सिनेमा पुन्हा पाहिलात आणि मत बदललं, तर का बदललं ते बहुधा या ओळीत सापडेल. जुनं मत पुसू नका, तारीख घालून खाली नवं लिहा.