म्हापशात घर, वेर्ण्यात नोकरी? होकार देण्याआधीचा हिशोब

दोन नोकऱ्यांची तुलना करताना ऑफर लेटरवरचा मोठा आकडा सोडून द्या. पीएफ वगैरे कापून हातात किती पडतात ते विचारा आणि त्यातून प्रवास वजा करा.

समजा, घर म्हापशात आहे. पणजीत हातात 25,000 रुपये मिळतात, वेर्णा औद्योगिक वसाहतीत 28,000. वेर्णा एका बाजूने साधारण 35 किमी, पणजी 13. महिन्याचे 26 दिवस धरले तर स्कूटर वेर्ण्यासाठी 1,820 किमी पळते, पणजीसाठी 676. लिटरला 45 किमी आणि पेट्रोल 100 रुपये धरा. टायर, ऑइल, सर्व्हिसिंगचा किलोमीटरमागे 1 रुपया वेगळा. वेर्ण्याचा खर्च सुमारे 5,860, पणजीचा 2,180. जास्तीचे तीन हजार रस्त्यातच संपले, वर पदरचे जवळपास 700 गेले! शिवाय रोज 80 मिनिटे जादा लागली, तर महिन्याला साधारण 35 तास होतात.

ही मिनिटे मोबाइलच्या नकाशावरून घेऊ नका. कामाच्या दिवशी, शिफ्टच्या वेळेला एकदा जाऊन या. रविवारी दुपारी मोकळा दिसलेला पर्वरीचा रस्ता सोमवारी सकाळी तसा नसतो. जून ते सप्टेंबर रेनकोट घालून 70 किमी झेपतील का, तेही स्वतःला विचारा.

बसने जाणार असाल तर परतीची बस आधी बघा. सकाळी गाड्या मिळतात. रात्री खासगी बसगाड्या विरळ होतात आणि दुसरी पाळी 10 ला सुटते. पणजी-मडगाव शटल विनाथांबा. वेर्ण्याला उतरायचे तर थांबे घेणारी बस धरावी लागते. उतरल्यावर पठारावर कारखान्याच्या फाटकापर्यंत कसे पोचणार, पायलट (मोटारसायकल टॅक्सी) करावा लागला तर किती, हे हिशोबात धरा. कंपनीची बस आहे असे सांगितले तर ती नेमकी कुठे थांबते आणि ओव्हरटाइमच्या दिवशीही सोडते का, तेवढे विचारून घ्या. चोडण-दिवाडीत राहायचे असेल तर शेवटच्या फेरीबोटीची वेळ धक्क्यावर विचारा.

कामाजवळ खोली घेतली तर? वरच्या उदाहरणात 5,860 वाचतात, म्हणजे त्याहून जास्त भाडे गेले की फायदा फक्त वेळेचा. भाड्यात वीज, पाणी आणि एप्रिल-मेमधला टँकर मिळवा. डिपॉझिट परत कधी मिळणार ते लिहून घ्या. कळंगुट-कांदोळीसारख्या किनारी भागात पावसाळ्यात मिळालेली स्वस्त खोली सीझन लागताच ऑक्टोबरमध्ये रिकामी करायला सांगतात, म्हणून करार पूर्ण 11 महिन्यांचा आहे ना, हे सही करण्याआधी वाचा. भाडेकरू पडताळणीचा फॉर्म पोलीस स्थानकात द्यावा लागतो; त्याला टाळाटाळ करणाऱ्या मालकाची खोली सोडलेली बरी.